भुताचा आवाज माझ्या मावशीचा

माझ्या धाकट्या मावशीने जन्मभर एकाच माणसाचा हेवा केला. शेजारणीने नवे पडदे आणले तर मावशी स्वतः स्टुलावर चढून ते लावून देईल. मैत्रिणीच्या मुलाला नोकरी लागली तर मैत्रिणीच्या आधी हिच्या डोळ्यांत पाणी. पण मोठ्या मावशीचं नाव निघालं की हिचं नाक आपोआप वर चढतं. याला ती हेवा म्हणत नाही. “मी फक्त खरं काय ते सांगते,” असं म्हणते.

बहिणी तिघी. मोठी उंच, सडसडीत, गुडघ्यापर्यंत केस असलेली. रस्त्याने चालली तर माणसं सायकलवरून उतरायची. मधली माझी आई. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसल्यामुळे ती सुखात वाढली. आणि धाकटी ही, बुटकी, गोल चेहऱ्याची, चपट्या नाकाची. देवाने हिला दिला तो आवाज.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी परगावी बोलायचं तर एक्स्चेंजमधल्या बाईकडे नंबर मागावा लागे आणि मग ती जोडून देईपर्यंत बसून राहावं लागे. एका लांबलचक खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, मावशी अर्ध्या शहराला ताटकळत ठेवायची आणि कोणी तिच्यावर चिडायचं नाही. “कृपया थांबा, लाइन व्यस्त आहे,” हे ती असं म्हणायची की थांबणाऱ्याला आपला मान राखला गेला असं वाटावं. एकदा एक गृहस्थ केवळ हा आवाज कोणाचा ते पाहायला एक्स्चेंजच्या दारात आले. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणाऱ्या मावशीलाच त्यांनी विचारलं, “त्या गोड आवाजाच्या बाई कुठे भेटतील?” मावशी म्हणाली, “त्यांची बदली झाली.”

मोठी तेव्हा एका मोठ्या दुकानात पावडरी-लिपस्टिकच्या काउंटरवर उभी असायची. एक दिवस एक माणूस आला आणि पांढरी पावडर मागू लागला. एक डबा नाही, खोकंभर. पैसे देताना त्याने मान वर करून मोठीकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही भूत व्हाल का?”

मोठीने शांतपणे मॅनेजरला बोलावलं.

तो माणूस टीव्हीवर मालिका काढत होता. आधी लग्नांचं चित्रीकरण करायचा. मालिकेचं नाव ‘तिसरा जिना’. एका पडक्या इमारतीच्या तिसऱ्या जिन्यावर एका बाईचं भूत राहतं आणि त्या जिन्याने जाणाऱ्या माणसांचा एकेक करून निकाल लावतं, अशी गोष्ट. मॅनेजरसमोर त्याने हे सगळं हातवारे करून सांगितलं. मॅनेजरलाच ते इतकं आवडलं की त्याने मोठीला रजा देऊन टाकली.

मोठी पडद्यावर भूत म्हणून शोभली. बोलेपर्यंत. तिचा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा, आणि कितीही भयानक वाक्य दिलं तरी ती ते दुधाचा हिशेब सांगितल्यासारखं म्हणायची. पहिल्या भागाचं चित्रीकरण झाल्यावर दिग्दर्शक डोकं धरून बसला. तेव्हा मोठी म्हणाली, “माझी धाकटी बहीण बरी बोलते. तिला आणू?”

अशी मावशी भुताचा आवाज झाली.

आवाज भरायची खोली एका फोटो स्टुडिओच्या मागे होती. भिंतींवर जुन्या गाद्या ठोकलेल्या. मध्ये काच. काचेच्या अलीकडे मावशी, पलीकडे ध्वनिमुद्रण करणारा एक किडकिडीत, अबोल तरुण. एक्स्चेंजची ड्यूटी संपली की मावशी थेट तिथे जायची. कागदावरची वाक्यं तिला पसंत नसत. “तू ज्याला शोधतोस तो मेला,” असं लिहिलेलं असे. मावशी म्हणायची, “हे फार उद्धट वाटतं. पहिल्यांदाच भेटतोय ना तो माणूस?” आणि ती ते सुधारून बोलायची, “आपण ज्यांना शोधत आहात, ते आता या जगात उपलब्ध नाहीत.” दिग्दर्शकाला शुद्ध बोललेलं सगळंच आवडायचं. शिवाय परत घ्यायला टेप नसायची.

एका भागात भूत एका वकिलाचा गळा दाबतं. मावशीने सगळी वाक्यं चोख म्हटली, वकिलाचा श्वास थांबेपर्यंत थांबली, आणि दिवसभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “ठेवते.”

ते तसंच राहिलं. मावशीला चूक कळली होती, पण तिने तिचा अर्थ लावून घेतला. “भूत त्याचं प्रेत खाली ठेवतंय. म्हणून ठेवते,” असं ती आम्हाला लहानपणी समजावून सांगायची. आम्हाला पटायचं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मावशीने मान वर करून काचेतून पाहिलं, तर तो किडकिडीत तरुण यंत्रावर ओणवा झाला होता. त्याचे खांदे गदगदत होते. मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मावशी त्या संध्याकाळी घरी चालत आली, बसने आली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, “कोणीतरी मनापासून ऐकलं ना, की पायांना कळत नाही.”

मालिका लागली. मोठी बाजारात गेली की पोरं आपापल्या आयांच्या मागे लपायची आणि भाजीवाला निवडून भाजी द्यायचा. मालिकेच्या शेवटी नावं यायची, त्यात सुताराचं नाव होतं, चहा आणणाऱ्याचं होतं, मावशीचं नव्हतं. ती सगळ्यांना सांगायची, “आवाज माझा आहे.” लोक म्हणायचे, “हो का?” आणि पुढचा प्रश्न मोठीबद्दल विचारायचे. एका बाईने तर तिला प्रेमाने समजावलं, “बहिणीचं यश बघून असं वाटतं कधीकधी. मनावर घेऊ नकोस.”

मालिका संपल्यावर काही दिवसांनी तो ध्वनिमुद्रणवाला तरुण घरी आला. मावशीने बाहेरच्या खोलीतली चादर बदलली. त्याने आजोबांना मुलगी मागितली. मोठी.

“इतके दिवस कान लावून माझा आवाज ऐकला,” मावशी आईला म्हणाली होती, “आणि निवडताना डोळे वापरले.” पुढे या विषयावर ती कधी बोलली नाही. लग्नही तिने केलं नाही. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, नंबर आपोआप लागू लागले, तेव्हा तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथूनच ती निवृत्त झाली. आता माझ्या घरापासून जवळच दोन खोल्यांत राहते. तो तरुण म्हणजे माझे काका. त्यांचे केस गेले, चष्मा जाड झाला, अबोलपणा तसाच राहिला.

मागच्या वर्षी कोणीतरी ‘तिसरा जिना’ची टेप शोधून काढून तिचे तुकडे फोनवर टाकले. भयंकर म्हणून नव्हे, भयंकर वाईट म्हणून. एका आठवड्यात मोठी मावशी ‘भूतआजी’ झाली. नातवंडांच्या वर्गातली मुलं तिच्यासोबत फोटो काढायला येऊ लागली. मग एका मुलीचा फोन आला. ती जुन्या फसलेल्या मालिका मोठ्या पडद्यावर दाखवायचे कार्यक्रम करत होती. तिकीट लावून. लोक यायचे ते पोट धरून हसायला. रविवारी दुपारी ‘तिसरा जिना’ होता आणि प्रमुख पाहुणी भूतआजी.

मी मावशीला हे सांगायला गेले तेव्हा ती इस्त्री करत होती.

“तिला हसायला बोलावतायत,” ती म्हणाली. “कळतंय का तिला?”

“कळतंय. म्हणाली, हसू देत.”

“या वयात शोभा.” मावशीने बाही उलटी करून पुन्हा दाबली. “आणि सत्कार वगैरे?”

“शाल आणि फुलं असणार.”

“शाल.” इस्त्री तिथेच थांबली आणि कापड करपल्याचा वास येऊ लागला. मी तिचा हात उचलला. “मी येते,” मावशी म्हणाली. “कोणीतरी घरचं माणूस हवं. ती रडली बिडली तर.”

मोठी रडावी म्हणून ती निघाली होती, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. शिवाय तिची एक पक्की समजूत होती. मालिका वाईट, हे तिलाही मान्य होतं. पण लोक सेटला हसतील, अभिनयाला हसतील, मोठीला हसतील. आवाज ऐकला की गप्प होतील. एवढी एक गोष्ट त्या मालिकेत चांगली होती, आणि ती कोणाची, हे आता तरी कोणाला कळेल.

सभागृह लहानसं, पण भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मोठी, तिच्याशेजारी काका, मग मावशी, मग मी. मावशीने ठेवणीतले कपडे काढले होते.

दिवे गेले आणि लोक नावं येतायत तोवरच हसू लागले. कारण रास्त होतं. तीन जिन्यांच्या इमारतीसाठी निर्मात्याला एकच जिना परवडला होता, तोही पाच पायऱ्यांचा. नायक त्याच पायऱ्या चढत राहतो आणि भिंतीवरचा बदकासारखा ओलीचा डाग प्रत्येक मजल्यावर त्याला भेटतो. चौथ्यांदा बदक आलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “आलो बाबा एकदाचा घरी.” धुकं म्हणून डास मारायचा धूर सोडला होता. त्यात नायक खोकतो, वकील खोकतो, आणि जिन्याच्या टोकाशी अदृश्य असलेलं भूतही खोकतं. वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं, तारेवरून सोडलेलं. ते निम्म्यात अडकतं, विचार करतं, आणि उलटं परत जातं. आरशात भूत दिसायला हवं तिथे कॅमेरावाला बशीतून चहा पिताना दिसतो.

मग मोठी आली. पांढरा झगा, मोकळे केस, पावडरचा थर. चष्म्याशिवाय तिला समोरचं दिसत नसे आणि भुताला चष्मा देता येत नव्हता. तिने भिंतीतून आरपार जायचं होतं. ती भिंतीवर आदळली, पुठ्ठ्याची भिंत तिला घेऊन पडली, आणि वकील, जो पलीकडच्या खोलीत झोपलेला असायला हवा, तो उठून तिला हात द्यायला धावला. लोक खुर्च्यांवरून घसरले. मी वाकून मोठीकडे पाहिलं. ती सगळ्यांहून जोरात हसत होती.

मावशी ताठ बसली होती. “आता ऐक,” ती माझ्या कानात म्हणाली.

पडद्यावर भुताने तोंड उघडलं. “कृपया थांबा,” मावशीचा चाळीस वर्षांपूर्वीचा स्वच्छ, गोड, अदबशीर आवाज आला. “आपण ज्यांना शोधत आहात, ते आता या जगात उपलब्ध नाहीत.”

क्षणभर शांतता झाली. मावशीने माझा हात दाबला. आणि मग जे हसू उठलं त्यापुढे बदक, वटवाघूळ, भिंत सगळं फिकं पडलं. माणसं मागच्या माणसांच्या अंगावर पडत होती. भूत बोलत राहिलं. “आपला जीव घेण्यात येत आहे. कृपया हलू नका.” एक बाई हसता हसता “बास, बास” म्हणत होती. आणि गळा दाबायच्या प्रसंगाला मला कळलं की यातल्या बऱ्याच जणांनी हे फोनवर आधी पाहिलेलं आहे. वकिलाची मान लटकली. भूत थांबलं. भुताच्याही आधी अख्खं सभागृह एका सुरात म्हणालं, “ठेवते!”

मावशीचा हात माझ्या हातातून सुटला. ती काकांकडे पाहत होती. काका पुढे ओणवे झाले होते. त्यांचे खांदे गदगदत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मध्यंतर झाल्यावर मोठीभोवती फोटोवाल्यांचा गराडा पडला. मावशीने काकांना चहाच्या टेबलाकडे गाठलं. मी मागेच होते.

“भाऊजी, तेव्हाही तुम्ही हसत होता?”

काका कपात साखर ढवळत राहिले. “कधी?”

“आवाज भरताना. वकिलाच्या वेळी.”

“हो,” काका म्हणाले. “पोट दुखलं होतं माझं.”

“मग सांगितलं का नाही? दुसऱ्यांदा म्हटलं असतं मी.”

“म्हणूनच नाही सांगितलं.” काका थोडे ओशाळले. “त्या सगळ्या कामात मला तेवढं एकच आवडायचं.”

मावशीचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि तिचा चेहरा कोणालाही वाचता येतो. तिने चहा न पिताच कप खाली ठेवला आणि आत जाऊन बसली. मी म्हटलं, “निघायचं का?” ती म्हणाली, “तिला शाल मिळू दे.”

राहिलेला भाग झाल्यावर मोठीला मंचावर नेलं. शाल घातली, फुलं दिली. टाळ्या थांबेनात. कार्यक्रमवाल्या मुलीने माइक पुढे केला. “आजी, एकदा फक्त. ते वाक्य.”

मोठीने खाकरून माइकमध्ये म्हटलं, “ठेवते.”

तिच्या सर्दीच्या आवाजात ते एखाद्याने भांडं फळीवर ठेवावं तसं आलं. लोक थोडं हसले, मान राखायला म्हणून. मुलगी गोंधळली. मोठी मात्र अजिबात गोंधळली नाही.

“मला नाही जमत ते,” ती म्हणाली. “मी नुसतं तोंड हलवायची. आवाज माझ्या बहिणीचा आहे. ती काय, तिथे बसली आहे.”

सगळ्या माना वळल्या.

ज्या वाक्याची मावशीने चाळीस वर्षं वाट पाहिली ते वाक्य हे असं आलं, अख्खं सभागृह त्या आवाजावर लोळून झाल्यावर. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी नाही म्हटलं असतं. सरळ म्हटलं असतं की ताईचं वय झालंय, काहीही बोलते. मावशी खरंच खुर्चीत खाली सरकली. तेवढ्यात मंचावरून मोठी म्हणाली, “ती लाजते हो. राहू द्या. मीच पुन्हा एकदा बघते प्रयत्न करून.”

मावशी उठली. मंचाच्या पायऱ्या ती कोणाचा हात न धरता चढली. मोठीच्या हातातून माइक घेताना तिने तो जवळजवळ हिसकावला.

“कृपया शांत राहा,” ती म्हणाली.

आवाज तोच होता. थोडा जाड झालेला, पण तोच. पहिल्या दोन शब्दांतच लोकांनी ओळखला आणि एकच कल्लोळ झाला. मावशीने एक्स्चेंजमध्ये थांबायची तशी थांबून तो ओसरू दिला. मग म्हणाली, “आपण ज्या बाईंना इतका वेळ टाळ्या वाजवत होतात, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. बोलताही येत नव्हतं. बाकी त्यांचं काम उत्तम होतं.”

लोक उभे राहिले. मोठीने हसून हसून शालीत तोंड लपवलं. काका पहिल्या रांगेत पुन्हा ओणवे झाले होते, आणि या वेळी मावशीने त्यांच्याकडे पाहून घेतलं, मग शेवटचा शब्द उच्चारला. तो मी लिहीत नाही, कारण लोकांनी तो ऐकूच दिला नाही.

परतताना टॅक्सीत काका पुढे बसले, आम्ही तिघी मागे. शाल मोठीच्या मांडीवर होती आणि फुलं मावशीच्या. एकच गुच्छ होता. मंचावरून उतरताना तो मावशीच्या हातात कसा आला ते मी पाहिलं नाही.

मग मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ताई, तुला टाळ्या जास्त वेळ होत्या.”

“मला आधी बोलावलं होतं ना.”

“मी तेच म्हणते.” थोडं अंतर गेलं. “तुला कधी माझा हेवा वाटला नाही? आवाजाचा? तुझ्या तोंडातून मी बोलायचे, लोक ऐकायचे मला. एकदा तरी वाटलं असेल.”

मी मनात म्हटलं, मोठी मावशी, आता हो म्हण. पुढे बसलेल्या काकांनीही मान किंचित वळवली होती.

मोठीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. ती प्रत्येक गोष्ट प्रामाणिकपणे करते, हेच तिचं मावशीला सहन होत नाही. “नाही गं,” ती म्हणाली. “मला तर बरं वाटायचं, कोणीतरी बोलतंय म्हणून. मला ते पाठ करायचा कंटाळा यायचा.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

“एवढं तरी खोटं बोलायचं होतंस,” मावशी म्हणाली आणि तिने फुलं मांडीवरून उचलून दोघींच्या मध्ये ठेवली.

त्या मुलीने पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात कार्यक्रम ठरवला आहे. या खेपेला दोघींना बोलावलंय. मावशीने फोनवर तिला विचारलं, जाहिरातीत नावं कोणत्या क्रमाने येणार. मुलगी म्हणाली, वयाप्रमाणे. मावशी म्हणाली, वर्णमालेप्रमाणे घातली तर बरं दिसेल. मग तिने कपाटातले ठेवणीतले कपडे काढून उन्हात टाकले, आणि मला विचारलं की तिकडे पहिल्या रांगेत भाऊजी बसणार आहेत ना, तेवढं नक्की करून घे.